सात बायका, नामालूम

तारीख १६ फेब्रुवारी १९७३, शुक्रवार. स्थळ: अहमदपूरपासून चार कोसांवरचं दुष्काळी खडीचं काम. हजर: बायका बेचाळीस, गडी एकोणतीस, मुकादम एक, टँकरवाला एक आणि तहसील कचेरीतून हजेरी घ्यायला पाठवलेली मी. माझं वय तेवीस, नोकरी सात महिन्यांची. त्या वर्षीच्या माझ्या वहीत एवढंच लिहिलेलं आहे. त्याखाली लाल शाईत एक ओळ आहे: 'बेचाळिसावी बाई, कासारीण. हिच्याशी जपून.'

हजेरीपट आधीच्या कारकुनानं करून ठेवला होता. गड्यांची नावं बापाच्या नावासकट होती. बायकांच्या रकान्यात मात्र धोंडिबाची बायको, मारुतीची आई, नामदेवची सून असं चाललं होतं. मी तसंच वाचत गेले आणि बायकाही 'हाव' म्हणत गेल्या. शेवटी 'कासारीण' असं वाचलं तेव्हा कोणी 'हाव' म्हटलं नाही. खडीच्या ढिगावर पन्नाशी उलटलेली एक उंच, हाडापेराची बाई बसली होती. तिनं हातोडा खाली ठेवला आणि मला विचारलं, तुमच्या कचेरीत बैलांना नावं असतात का.

पशुगणनेत नुसता आकडा असतो, असं मी खरं ते सांगितलं.

"मग आमी तरी बैलावानी उभ्या कामून ऱ्हावं?" ती म्हणाली. "दोन रकाने पाड. एकात सासरचं नाव, एकात माहेरचं. टँकर येईस्तवर व्हतंय."

एका खडी फोडणाऱ्या बाईचं मी का ऐकलं ते मला आजही सांगता येणार नाही. टँकर दोन तासांनी आला. तोवर बायकांची दोन-दोन नावं पटावर चढली होती. काहींनी माहेरचं नाव सांगताना आधी आजूबाजूला पाहिलं. एक म्हातारी डोळे मिटून बराच वेळ आठवत बसली आणि आठवल्यावर हसत सुटली. कासारणीचं नाव केवळाबाई. पुढे दहा वर्षं मी तिला केवळामावशी म्हणत होते.

तिचा खरा धंदा बांगड्यांचा. मुदखेडला रेल्वेनं माल यायचा, तिथून गाठोडं पाठीवर घेऊन ती गावोगाव हिंडायची. नवरात्रात माहूरला गडाखाली बसायची. दुष्काळात बांगड्या कोण भरणार, म्हणून खडीवर आली होती. लग्नानंतर चार वर्षांनी तिचा नवरा हैदराबादेकडे कामाला म्हणून गेला तो परत आला नाही. तरी तिच्या हातात हिरव्या बांगड्या असायच्या आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. कोणी खवचटपणे विचारलं की ती सांगायची, मेल्याचा कागद आला न्हाई, तवर मी सवाष्ण. सरकारबी कागदाबिगर कुणाला मेलं म्हणत न्हाई.

माणसाशी बोलताना ती आधी त्याच्या मनगटाकडे बघायची, मग तोंडाकडे. कोणत्या बाईला कुठलं माप लागतं, कुणाचा अंगठा ताठ आहे, कुणाचं हाड लहानपणी मोडून वाकडं बसलंय, हे तिच्या बोटांत साठवलेलं होतं. पाच वर्षांनी भेटलेली बाई तिला तोंडावरून ओळखू यायची नाही. हात हातात घेतला की माहेरच्या नावासकट ओळख पटायची. कासाराच्या पद्धतीप्रमाणे बांगडी फुटली असं ती कधी म्हणायची नाही, वाढली म्हणायची. मात्र तिच्या तोंडात शिव्या भरपूर होत्या आणि त्या वापरताना ती कुणाचं वय, हुद्दा बघायची नाही. आमच्या नायब तहसीलदारांना तिनं एकदा भर कामावर 'फुगलेल्या पापडा' म्हटलं होतं. ते पुन्हा त्या कामावर आले नाहीत.

मार्च महिन्यात मुकादमाची गोष्ट घडली. एक बाळंतीण मुलाला पाजायला बाभळीखाली बसली होती. मुकादमानं तिला दोनदा हाक मारली, मग मनगट धरून ओढत आणली. खडीवरून ओढल्यामुळे तिची पोटरी सोलून निघाली. मूल बाभळीखाली पडून रडत होतं. मी पट हातात धरून नुसती उभी होते. केवळामावशी उठली, काही घाई न करता त्याच्यापाशी गेली आणि बांगडी भरायला घेतात तसा त्याचा उजवा हात तिनं हातात घेतला. अंगठा आत दुमडला. बोटं एकत्र केली. गिऱ्हाइकाशी बोलायच्या मऊ आवाजात म्हणाली,

"हात ढिला सोड, दादा. ताठलं की लागतंय."

मग तिनं दाबलं. आवाज मला सात-आठ पावलांवर ऐकू आला. तो गुडघ्यांवर आला तरी तिनं हात सोडला नाही. बाळंतिणीनं मूल उचललं, पदराखाली घेतलं, ते रडायचं थांबलं, तेव्हा सोडला.

त्या दिवशीच्या अहवालात मी लिहिलं की मुकादमाचा हात खडीत सापडून दुखावला. माझ्या नोकरीतली ती पहिली खोटी नोंद. सत्तरच्या वर माणसांनी पाहिलेलं असूनही एकानंही ती खोटी आहे असं सांगितलं नाही, मुकादमानंसुद्धा नाही.

त्याच वर्षी पाऊस पडला आणि माझं लग्न ठरलं. चुडा केवळामावशीकडूनच भरायचा असं मी घरी सांगितलं. आमचं घर मास्तर-कारकुनांचं. खडीवरची बाई माजघरात येणार म्हणून काकू जरा कुरकुरल्या. पण ती आली ती स्वच्छ लुगडं नेसून, गाठोडं सोडून भिंतीशी अशी बसली की घरच तिचं वाटावं. बायका जेवायला उठल्या. माझ्या डाव्या हातात बांगड्या चढत होत्या आणि मी सहज विचारलं, मावशी, पहिल्या दिवशी दोन रकाने करायला का लावले?

तिनं माझा हात न सोडता सांगितलं. अख्खा उजवा हात भरून होईपर्यंत ती सांगत होती आणि एकही बांगडी वाढली नाही.

तिचं गाव टेंभगाव. निजामाचं राज्य जाण्याच्या आधीचा उन्हाळा. गावातली आठ-दहा पोरं सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेली होती. त्यांना काडतुसं लागायची आणि कुठल्या गावात पोलिसांचं ठाणं बसलंय याची खबर लागायची. दोन्ही गोष्टी बायका पोचवत. काडतुसं मुदखेडहून बांगड्यांच्या गाठोड्यात यायची, केवळामावशीच्या आणि रहिमतबीच्या. रहिमतबी ही गावातली मनियारीण, विधवा, एकटी. दोघींचा धंदा एकच, म्हणून आधी भांडण होतं. मग गावं वाटून घेतली आणि मैत्र झालं. मोठ्या घरांतल्या बायका तो माल धान्याच्या कणगीत ठेवत आणि रानात भाकरी नेताना पोरांच्या हाती देत. घरातल्या कर्त्या पुरुषांपैकी निम्म्यांना याचा पत्ता नव्हता.

एके दिवशी पोरं दुपारची जेवायला गावात आली. कुणी तरी खबर दिली. रझाकारांची टोळी घोडी, बंदुका, कुऱ्हाडी घेऊन आली. गाव गढीत शिरलं. गढीला दरवाजा एकच, आणि मागच्या बुरुजाखाली सांडपाण्याची मोरी, एका वेळी एक माणूस सरपटत जाईल एवढी. बायकांनी तिथल्या तिथं ठरवलं. पोरं, लेकरं आणि बाकीचं गाव मोरीतून बाहेर. वाटा केवळाला ठाऊक, म्हणून तिनं न्यायचं. वेळ काढायला सात जणी मागं राहिल्या.

"सात कामून?" मी विचारलं.

"गोफणी सहा अन् दार एक," ती म्हणाली.

सहा जणी भिंतीवर चढल्या. गोफणीचे दगड, तिखटाच्या पुरचुंड्या, चुलीवरचं उकळतं पाणी. पहिल्या दगडानं एक घोडेस्वार खाली आला तो उठला नाही. मग खालून बंदुका सुरू झाल्या आणि भिंतीवरून पहिली बाई आत अंगणात पडली, दुसरीनं तिच्या गोफणीचे दगड उचलले. सातवी रहिमतबी. ती दरवाजाच्या आतून अडसर धरून उभी होती. मोरीपाशी लेकरं ढकलत असताना केवळामावशीनं तिचा आवाज ऐकला. बाहेरचे तिला ओळखत होते. तू आपली आहेस, उघड, तुला काही करणार नाही, असं सांगत होते. आणि ती त्यांना बोलण्यात गुंतवत होती.

"ठैरो बा, खोलतूं," असं म्हणत होती. "अडसर भारी है. अकेली औरत हूं."

असं म्हणत तिनं लेकरं संपेपर्यंत वेळ काढला. शेवटचं मूल मोरीत गेलं तेव्हा केवळामावशीला दरवाजावर कुऱ्हाडी पडल्याचा आवाज आला. मग तीही मोरीत शिरली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा गढीतली कडब्याची गंज जळून गेली होती. सातही जणींना तोडून तीत टाकलं होतं. तोंडं राहिली नव्हती. हात अंगाखाली दबले होते, तेवढे राहिले होते. पंचनाम्याला जमादार आला. गावात उरलेली म्हातारी माणसं लांब उभी. जमादारानं विचारलं, या कोण? कोणी बोलेना. काहींना ओळखता येईना, आणि ज्यांना येत होतं ते घाबरले होते. ही माझी सून म्हणावं तर घरात बंडखोर पोसल्याची कबुली होते.

तेव्हा केवळामावशी राखेत बसली. एकेकीचा हात घेतला, अंगठा दुमडून बघितला, आणि नावं सांगितली. सोजर. तान्ही. भागीरथी. गोदा. कौशी. इठाबाई. शेवटी रहिमतबी. जमादारानं गावचं दप्तर उघडून घरोघरच्या बायकांची नावं ताडून पाहिली. पहिली सहा नावं टेंभगावात कुणाचीच नव्हती. सांगणारी बांगडीवाली, तिची सहा नावं खोटी निघाली; सातवं त्यानं बघितलंच नाही. लिहिलं, सात बायका, अनोळखी.

"माझी चूक," मावशी म्हणाली. "सासरची नावं मला येत व्हती. समद्यांची येत व्हती. पर त्यांचा पयला चुडा मी माहेरात भरलेला. हात धरला की मला माहेरचंच नाव येतं. राखंत बसून दुसरं आलंच न्हाई. चार महिन्यांनी रस्त्यानं चालता चालता ध्यानात आलं. तवा कुणाला सांगू?"

काकू ताट घेऊन आल्या. मावशीनं शेवटची बांगडी जास्तीची चढवली, माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि वरणात मीठ कमी आहे म्हणून काकूंशी वाद घातला.

नऊ वर्षं गेली. उस्मानाबादेतून काही तालुके काढून लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागत होतं: कचेरी, शिक्के, खुर्च्या. मी अव्वल कारकून होऊन तिथं गेले. थोड्याच दिवसांत मुक्तिलढ्यातल्या माणसांचा एक स्तंभ उभारायचं ठरलं, गावोगावची नावं मागवण्यात आली, समिती झाली, आणि याद्यांचं काम माझ्याकडे आलं. टेंभगावच्या नावापुढे पुरुषांची नऊ नावं होती. खाली कंसात 'व काही स्त्रिया'.

मी मावशीला पत्र टाकलं. चौथ्या दिवशी ती गाठोड्यासकट कचेरीच्या दारात उभी होती.

पुढचे पाच महिने मी रविवार आणि सुट्ट्या त्यात घातल्या. सहा जणींची माहेरं सहा गावांत. दोन आता नांदेड जिल्ह्यात, बाकी इकडे. मावशी पुढे, मी वही घेऊन मागे. भाऊ, भाचे, कुठे एखादी म्हातारी बहीण. सोजर सासरी रुक्मिणी झाली होती, तान्ही सरस्वती, कौशी द्वारका. दोन रकाने भरत गेले. काही घरांत आम्हाला चहा मिळाला. एका घरात भावानं सांगितलं की ती पळून गेली होती, आम्ही तिचं नाव घेत नाही. मावशीनं त्याच्या थोबाडीत मारली. तो सत्तरीचा होता, ती पासष्टीची. मग तिनं त्याच्याच ओसरीवर बसून बहीण कशी मेली ते सांगितलं. तो माणूस भिंतीला डोकं आपटून रडला आणि त्यानं प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला.

राहिलं जुनं दप्तर. ते उर्दूत. आमच्या दप्तरखान्यात सय्यदसाहेब म्हणून निवृत्तीला आलेले कारकून होते, त्यांनी तीन आठवडे धुळीत बसून टेंभगावचा पंचनामा शोधला. मला वाचून दाखवताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. "सात औरतां, नामालूम." त्याखाली दोन ओळी होत्या. गढीचा दरवाजा कुऱ्हाडीनं तोडलेला. अडसर जागेवर. आणि त्याच दप्तरातल्या घरांच्या यादीत स्पष्ट अक्षरांत एक नाव होतं, रहिमतबी, मनियारीण. विधवा, घर तिच्याच नावावर, आणि मुसलमान बाईचं नाव लग्नात बदलत नाही. सातांतलं तेवढं एकच नाव मुळापासून कागदाशी जुळत होतं.

तेच समितीला नको होतं.

समितीच्या अध्यक्षांना सगळे गुरुजी म्हणत. मुख्याध्यापक, खादी, अतिशय नीटनेटका माणूस. ते मूळचे टेंभगावचे. त्या दिवशी मोरीतून बाहेर पडलेल्या पोरांतले एक; तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. सोजर त्यांची थोरली वहिनी, तिनं त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. बैठकीत त्यांनी सहा नावं मोठ्यानं वाचली, वहिनीचं वाचताना थांबले, पाणी प्यायले. मग म्हणाले की सातवं नाव घेता येणार नाही. गावाला ठाऊक आहे, दार तिनंच उघडलं.

हे गावाला खरंच ठाऊक होतं. पस्तीस वर्षं टेंभगावात तेच सांगितलं जात होतं. बंदुकांपुढे पोरं मोरीतून गेली आणि घरच्या बायका मागं राहिल्या, हे सांगण्यापेक्षा ते सांगायला सोपं होतं.

केवळामावशीला बैठकीला बोलावलेलं नव्हतं. ती दाराशी जमिनीवर बसली होती, मी तिला बसू दिलं होतं. ती उठून टेबलापाशी आली. मी मनात म्हटलं, आता ही गुरुजींना मारणार. तिनं गुरुजींना एकेरीत, लहानपणच्या नावानं हाक मारली.

"बाळ्या," ती म्हणाली, "तिचे हात मी बघितलेत. मनगटाच्या आत, आडवे वार. दोन्ही हातांवर. फळी फोडून आतून अडसर धरलेल्या हातावर मारलं तर असं लागतं. उघडणारीचे हात असे ऱ्हात न्हाईत."

गुरुजी म्हणाले, हा काही पुरावा नव्हे.

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं की कागदोपत्री काही आहे का. पंचनाम्याची नक्कल माझ्या फायलीत होती. सय्यदसाहेबांचं भाषांतर, सही, तारीख, सगळं. टेबलाभोवती पाच माणसं, त्यांतले दोघे माझ्या बढतीचे कागद पाहणारे. मी म्हणाले, तपासून सांगते.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हाताकडे, फायलीवर ठेवलेल्या. मग ती निघून गेली. बैठकीच्या वृत्तांतात मी लिहिलं: सहा नावं मंजूर, सातव्याबाबत कागदपत्रांची तपासणी चालू.

नक्कल मी चार दिवसांनी रीतसर टिपणी लिहून समितीपुढे ठेवली. बढतीचं काय व्हायचं ते होवो म्हणून ठेवली. पण तोवर सहा नावांची शिळा कोरायला गेली होती.

पाथरवटाचं आवार नांदेड रस्त्याला होतं. एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पाथरवटाचा माणूस सायकलवर धापा टाकत कचेरीत आला. मी रिक्षानं गेले. शिळा आडवी ठेवलेली होती, अक्षरं कोरून झाली होती, रंग भरायचा राहिला होता. केवळामावशीनं पाथरवटाचा घण उचलला होता. पासष्ट वर्षांची बाई, आणि तो घण मला दोन हातांनीही हलवता आला नसता. ती शांतपणे, दोन घावांमध्ये दम घेत, शिळा फोडत होती. पहिल्या घावात चीर गेली होती, तिसऱ्या-चौथ्यात तुकडे. दोन गडी तिला धरायला गेले, त्यांतल्या एकाच्या पायावर दगडाचा मोठा कपचा उडाला होता आणि तो खाली बसून रक्त दाबत होता. एक कपचा तिच्याही कपाळावर लागला होता. रक्त कुंकवातून खाली नाकावर आलं होतं, ती पुसतही नव्हती. दर घावाला तिच्या हातातल्या बांगड्या फुटत होत्या आणि काचा मनगटात घुसत होत्या.

मी हाक मारली. तिनं ऐकलं नाही. सोजरचं नाव होतं त्या तुकड्यावर घण आला तेव्हा ती क्षणभर थांबली. वाकून तिनं त्या अक्षरांवरची भुकटी पदरानं झटकली. मग त्याचेही दोन तुकडे केले.

"सात मंजी सात," ती म्हणाली. "सहा लिवले तर सातवी चोर ठरती."

पोलीस चौकीत मी तिला ओळखते असं लिहून दिलं. पाथरवटानं तक्रार लिहिली नाही. त्याला कुणी तरी सगळी हकीकत सांगितली होती, आणि तो म्हणाला की दगड खराब निघाला, मलाच दुसरा काढावा लागेल. जखमी गड्यालाही मी दवाखान्यात नेऊन आणलं. दुपारी दोनला तिला सोडलं. कपाळाला पट्टी, दोन्ही मनगटांना पट्ट्या, हात मोकळे. तिचे हात मी प्रथमच मोकळे पाहत होते.

मी तिला एस.टी. स्टँडवर घेऊन गेले. वाटेत सांगितलं की नक्कल मी समितीपुढे ठेवली आहे. किती दिवसांनी, असं तिनं विचारलं. चार, मी म्हटलं. तिनं मनगटाच्या पट्टीची सुटलेली गाठ दातांनी आवळली. मग म्हणाली की तिला पस्तीस वर्षं लागली, त्यामानानं चार बरे. हे तिनं हसून म्हटलं नाही आणि रागानंही नाही. नांदेडची गाडी लागली. तिनं गाठोडं आधी आत टाकलं, दांडा धरायला हात वर केला तेव्हा पट्टीतून लाल डाग वाढला. कंडक्टर घाबरून बाजूला झाला. खिडकीतून तिनं मला सांगितलं की रहिमतबीचा एक पुतण्या मुदखेडात असतो असं ऐकलंय, त्याचं प्रतिज्ञापत्र घेते आणि पौर्णिमेपर्यंत येते. गाडी हलली तेव्हा ती शेजारच्या बाईचं मनगट हातात घेऊन पाहत होती.

मुदखेडला ती पोचली, पुतण्याला भेटलीही. त्याचा अंगठा असलेला कागद मला टपालानं आला. ती आली नाही. मनगटातल्या काचा पिकल्या, ताप चढला, आणि नांदेडच्या दवाखान्यात तिसऱ्या आठवड्यात ती गेली. तिथल्या नोंदीत तिचं नाव काय लिहिलंय ते मी स्वतः जाऊन पाहून आले. केवळाबाई, इतकंच होतं. माहेरचं नाव मी विचारून ठेवलेलं नव्हतं. एक्केचाळीस जणींचे दोन्ही रकाने भरले त्या दिवशी तिच्या नावापुढचा दुसरा रकाना रिकामा राहिला होता, आणि दहा वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नाही.

गुरुजींकडे मी दर महिन्याला जाते. ते आता अंथरुणाला खिळले आहेत. फाईल पूर्ण आहे: पंचनाम्याची नक्कल, घरांची यादी, सय्यदसाहेबांचं भाषांतर, सहा माहेरांची प्रतिज्ञापत्रं आणि एक मुदखेडचं. सही फक्त त्यांची हवी. पहिल्या वर्षी ते म्हणायचे, ठेवून जा. आता काही म्हणत नाहीत, फाईल छातीवर घेऊन वहिनीच्या कागदावर हात ठेवून पडून राहतात, आणि मी निघताना ती परत करतात.

पाथरवटाच्या आवारात नवी शिळा भिंतीला टेकून उभी आहे. घासून गुळगुळीत केलेली, कोरी. सहा नावं कोरायची हिंमत कुणात नाही आणि सात कोरायचा हुकूम नाही. ओळी किती येणार हे त्याला आधी कळायला हवं, अक्षराचा आकार त्यावर ठरतो, म्हणून मी त्यावर खडूनं सात रेघा मारून ठेवल्या आहेत. पावसाळ्यात त्या धुऊन जातात. या वर्षीच्या परवाच मारून आले. नावं अजून घालायची आहेत.